सिल्लारीला दाखवलेला तो ठिपका आणि एका एक्स-रेवाल्याचे प्रश्न

धंतोलीचा_एक्सरेवाला | रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढून राह्यलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

नागपुरात धंतोलीत एका दवाखान्यात बावीस वर्षांपासून एक्स-रे काढतो. छाती, गुडघा, मनगट, जो येईल त्याचं जे असेल ते. दिवाळीच्या सुट्टीत पोरगी मागे लागली म्हणून पेंचला गेलो, सिल्लारीच्या बाजूनं. जंगल म्हणजे वाघ एवढंच मला माहीत. पण तिथं आता रात्री आकाशही दाखवतात. २०२४ च्या जानेवारीत पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, हे मला तिथं जाऊन कळलं. वाघ दिसला नाही, ते दरवेळचंच आहे. पण एका मुलानं दुर्बिणीतून हंस तारकासमूहाच्या मानेजवळचा एक बारका ठिपका दाखवला आणि म्हणाला, "काका, याच्याभोवती एक कृष्णविवर फिरतं. ते एक्स-रेमुळे सापडलं."

पोरगी खूश. माझी मात्र झोप उडाली. धंदाच तो आहे ना आपला! तीन गोष्टी डोक्यात फिरून राह्यल्या.

एक, आमच्याकडे एक्स-रे नळीतून निघतात, बटण दाबल्यावर. तिथं बटण कोण दाबतं?

दोन, छाती काढताना नळी आणि कॅसेटमध्ये (म्हणजे फिल्मच्या डब्यात) सहा फूट अंतर ठेवतो. मधल्या हवेनं काही बिघडत नाही. मग एक्स-रेची दुर्बीण गच्चीवर काऊन नाही ठेवत, अवकाशात काऊन पाठवतात?

आणि तीन, जे मला खरं खुपतंय. एक्स-रेमध्ये चेहरा नसतो. फिल्मवर नाव टाकलं नाही तर बावीस वर्षांच्या अनुभवानंतरही ही छाती कोणाची ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग आकाशातला एक्स-रे अमुकच ताऱ्याच्या जागेवरून आला, हे कोण ठरवतं आणि कसं?

तर्री_मारके | रविवार, रात्री ११.०५

भाऊ, वाघ दाखवता नाही आला म्हणून गाइडनं कृष्णविवर दाखवलं. तेही न दिसणारं. धंदा जोरात आहे!

अंबाझरीचे_काका | सोमवार, सकाळी ६.२०

पहाटे तलावावर फिरायला जाण्याआधी धागा वाचला आणि फिरणं राहिलं. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, असा प्रश्न वर्गात वर्षातून एखादाच यायचा.

आधी तुमचा दुसरा प्रश्न, कारण तुमची शंका रास्त आहे. तुम्ही छातीला किती केव्ही, म्हणजे किलोव्होल्ट, देता? शंभर-एकशेवीस. मनगटाला पन्नासच्या आसपास. अवकाशातली चंद्रा दुर्बीण पाहते ते किरण साधारण ०.१ ते १० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. तुमच्या हिशेबात अगदीच मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे. एक किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरण साध्या हवेत काही मिलिमीटर जाईपर्यंत बहुतेक संपतो. सहा फूट विसराच.

बरं, तुमचे कडक किरण तरी खाली पोचतील का? तेही नाही. आपल्या डोक्यावर जी एकूण हवा आहे, तिचं वजन सुमारे दहा मीटर खोल पाण्याइतकं भरतं. तीनमजली उंचीची टाकी भरा, वर नळी लावा, तळाशी कॅसेट ठेवा आणि एक्स्पोजर द्या. फिल्म कोरी येईल. आपण जिवंत आहोत ते या टाकीमुळे आणि क्ष-किरणांचं खगोलशास्त्र इतकं उशिरा सुरू झालं तेही हिच्यामुळेच.

आता बटण. तुमच्या नळीत इलेक्ट्रॉन वेगानं येऊन टंगस्टनवर आपटतात, त्यांना करकचून ब्रेक लागतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. आकाशात टंगस्टन नाही, पण तापलेला वायू आहे. न्यूट्रॉन तारा (मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिघट्ट गाभा) किंवा कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढतं, तो वायू थेट आत पडत नाही, गोल गोल फिरत, एकमेकांवर घासत जातो आणि कोटी अंशांच्या घरात तापतो. एवढ्या तापमानाची वस्तू डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात कमी आणि क्ष-किरणांत जास्त चमकते. त्यामुळे "कृष्णविवरातून एक्स-रे येतात" हे बोलण्यापुरतं ठीक आहे, पण ते येतात बाहेरच्या वायूतून. आत गेलेलं काही परत येत नाही.

तिसरा प्रश्न मोठा आहे. नाश्ता करून येतो.

धंतोलीचा_एक्सरेवाला | सोमवार, दुपारी २.१५

सर, टाकीचं उदाहरण दवाखान्यात सगळ्यांना सांगून झालं. आमचे रेडिओलॉजिस्ट म्हणाले, "एवढं सोपं मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं." बाकीचं लिहा, वाट पाहून राह्यलो.

अंबाझरीचे_काका | सोमवार, रात्री ८.४०

नाश्ता लांबला, माफ करा. नातू आला होता.

१८ जून १९६२. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून एक छोटं एरोबी रॉकेट उडालं. रिकार्डो जियाकोनी आणि मंडळींनी त्यात क्ष-किरण मोजणारी उपकरणं बसवली होती. शोधायचं काय होतं? चंद्र! सूर्याचे क्ष-किरण चंद्रावर पडून तिथून काही उजेड येतो का ते. रॉकेट हवेच्या वर होतं जेमतेम सहा मिनिटं. चंद्राचं काही जमलं नाही. पण भलत्याच दिशेनं, वृश्चिक राशीकडून, जबरदस्त क्ष-किरण आले. जियाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळालं, त्याची सुरुवात ही.

आता तुमचा प्रश्न. "वृश्चिकाकडून" म्हणजे कुठून? उपकरणाला चेहरा तर सोडाच, गल्लीही कळत नव्हती. हात लांब करून मूठ धरा, ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. एवढ्या मुठीत कुठेतरी. सिल्लारीच्या आकाशात मूठभर जागेत दुर्बिणीतून किती तारे दिसतात ते तुम्ही पाहून आलाच आहात. शोध लागला, नाव ठेवलं स्कॉर्पियस एक्स-१, पण आहे कोण ते चार वर्षं कळेना.

इथे तुमचंच हत्यार कामी आलं. तुम्ही नळीच्या तोंडाशी कोलिमेटर लावता ना, किरण हवे तेवढ्याच जागेत पडावेत म्हणून? आणि बकीत, म्हणजे कॅसेट ठेवायच्या खणात, शिशाच्या पट्ट्यांची ग्रिड असते, तिरके किरण अडवायला? मिनोरू ओदा या जपानी शास्त्रज्ञानं तारांच्या जाळ्या एकामागे एक लावून कोलिमेटर बनवला. रॉकेट वळतं तसा स्रोत जाळीआडून लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या हिशेबावरून जागा बारीक पकडता येते. १९६६ मध्ये असं रॉकेट उडालं, मुठीची जागा टाचणीच्या टोकाएवढी झाली आणि जपानमधून व अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेतून तिथं साधी दुर्बीण रोखल्यावर एक निळसर, तेराव्या प्रतीच्या आसपासचा तारा सापडला. प्रतीचा आकडा वाढतो तसा तारा फिका होतो; नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं, म्हणजे हा किती फिका ते पाहा. पण डोळ्यांना दिसेल अशा उजेडाच्या हजारपट शक्ती तो क्ष-किरणांत ओततो. असला तारा तोवर कोणी पाहिलेला नव्हता.

याच काळातली अजून एक युक्ती मला फार आवडते. ७ जुलै १९६४ ला चंद्र खेकडा तेजोमेघावरून सरकणार होता. नेमकं त्याच वेळी रॉकेट उडवलं. चंद्राच्या कडेआड जाताना क्ष-किरण एकदम विझले असते तर स्रोत टिंबाएवढा. ते हळूहळू विझले. म्हणजे किरण एका ताऱ्यातून नव्हे, पसरलेल्या तेजोमेघातून येत होते. चंद्राचा शटर म्हणून वापर!

तर्री_मारके | सोमवार, रात्री ९.०२

काका, हे मात्र कडक. नाश्त्याला पोहे होते का, हा विषय आज काढत नाही.

धंतोलीचा_एक्सरेवाला | मंगळवार, रात्री ११.३०

बकी आणि ग्रिडचं वाचून अंगावर काटा आला सर. रोज हात लागतो त्या वस्तूला.

एक माझी गोष्ट सांगतो. कोणत्या दवाखान्यातली ते विचारू नका. डार्करूमचे दिवस होते. एका रात्री अपघाताच्या दोन केसेस एकदम आल्या, दोघांचेही पाय. घाईत माझ्याकडून नावं अदलाबदल झाली. एकाचं हाड मोडलेलं, दुसऱ्याचं साबूत. डॉक्टर म्हणाले, हे फ्रॅक्चर त्या म्हाताऱ्याचं वाटत नाही. आता फिल्मकडे कितीही पाहा, फिल्म काय बोलणार? शेवटी म्हाताऱ्याच्या मुलानं घरून जुनी पिशवी आणली. त्यात सात वर्षांपूर्वीची फिल्म, मांडीत रॉड टाकलेला. आमच्या दोनपैकी एका फिल्मच्या वरच्या कडेला त्याच रॉडचं टोक दिसत होतं. झालं काम. त्या रात्रीपासून फिल्मवर ओळख उमटवणारं शिशाचं अक्षर ठेवल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.

म्हणून विचारतो, वर असं काही करतात का? जुनी पिशवी काढून पाहणं?

रेवती_निरीक्षण | बुधवार, सकाळी १०.१०

दादा, हुबेहूब असंच करतात! मी नागपूरची, सध्या पुण्यात संशोधन करते, याच विषयाच्या जवळपास. बरेच दिवस नुसती वाचत होते, तुमच्या पिशवीनं लिहायला लावलं.

२२ मे १९८९. गिंगा या जपानी उपग्रहाला हंस तारकासमूहात अचानक क्ष-किरणांचा भडका दिसला. आधी तिथं काहीच नव्हतं. मग जुन्या नोंदी उघडल्या. त्याच जागी १९३८ मध्ये एक 'नवतारा' नोंदलेला होता, नाव व्ही४०४ सिग्नी. पुढे जुन्या फोटोंच्या काचा चाळताना १९५६ चा आणखी एक भडका सापडला, जो त्या वेळी कोणाच्या लक्षातच आला नव्हता. म्हणजे हा पेशंट आधी दोनदा येऊन गेला होता. भडका ओसरल्यावर तिथल्या ताऱ्याचा वर्णपट (प्रकाशाची रंगांत केलेली फोड) घेतला, तर तो साडेसहा दिवसांत कोणाभोवती तरी फिरतोय आणि तो 'कोणीतरी' इतका जड की न्यूट्रॉन तारा असूच शकत नाही, म्हणजे कृष्णविवरच. २०१५ च्या जूनमध्ये तो पुन्हा पेटला. तेव्हा हौशी लोकांच्या छोट्या दुर्बिणींतूनही त्याचं लुकलुकणं मोजलं गेलं आणि त्या मोजमापांवर नेचरमध्ये शोधनिबंध आला.

आता तुम्ही पाहिलेला ठिपका, सिग्नस एक्स-१. त्याची कथा वेगळी आहे, कारण तिथं जुनी फिल्म नव्हती, साक्षीदार होता. १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्याजवळून उहुरू उपग्रह सुटला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन, आणि स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. हा क्ष-किरणांसाठीचा पहिला खास उपग्रह, त्यानं शेवटी ३३९ स्रोतांची यादी दिली. पण जागा अजून ढोबळच. १९७१ मध्ये सिग्नस एक्स-१ चे क्ष-किरण एकदम बदलले आणि त्याच सुमारास त्या भागात एक नवा रेडिओ स्रोत उगवला. रेडिओवाल्यांना जागा खूप बारीक काढता येते. ती निघाली एचडीई २२६८६८ या निळ्या महाराक्षसी ताऱ्यावर. दोघं एकाच वेळी बदलले म्हणून दोघं एकच, असा हा पुरावा. मग इंग्लंडमध्ये वेबस्टर आणि मर्डिन यांनी आणि टोरांटोत बोल्टन यांनी वेगवेगळं पाहिलं की त्या ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा ५.६ दिवसांच्या तालात मागेपुढे सरकतात. न दिसणारा जोडीदार तिथं आहे. २०२१ च्या मोजमापानं त्याचं वस्तुमान २१ सूर्यांइतकं, अंतर सुमारे ७,२०० प्रकाशवर्षं.

माझं मत विचाराल तर या क्षेत्रात नुसत्या क्ष-किरणांनी ओळख क्वचितच पटते. क्ष-किरण सांगतात, "इथं काहीतरी भयंकर चाललंय." कोण, ते सांगायला रेडिओ लागतो, साधा प्रकाश लागतो, नाहीतर घड्याळ. उहुरूनं सेंटॉरस एक्स-३ हा स्रोत पाहिला तेव्हा तो ४.८ सेकंदांनी धडधडत होता आणि दर २.१ दिवसांनी काही तास गायब व्हायचा. मोठ्या ताऱ्याआड जायचा म्हणून. तो तारा नंतर सापडला, पण न पाहताच कळलं होतं की घरात दोघं राहतात.

तर्री_मारके | बुधवार, दुपारी १.३५

ताई, हे सगळं आजोबांच्या काळातलं झालं. आता मोबाइलमध्ये शंभरपट झूम आहे. अवकाशातल्या दुर्बिणी तर अजून भारी असतील. मग अजून रहस्य कसलं उरलं? आणि एक्स-रे आरपार जातो तर त्याचा आरसा कसा बनवता?

रेवती_निरीक्षण | बुधवार, रात्री ९.५०

आरशाचं आधी. समोरासमोर टाकला तर किरण आरशात घुसतो, परत येत नाही. पण अगदी चाटून गेला तर परावर्तित होतो. फुटाळा तलावावर चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढतात तसं. (हे उदाहरण सगळेच देतात, मीही देते, कारण दुसरं सुचत नाही.) म्हणून या दुर्बिणीचा आरसा ताटासारखा नसतो, नळकांड्यासारखा असतो, आणि एकात एक अशी नळकांडी बसवतात. चंद्रा दुर्बिणीत अशा चार जोड्या आहेत, इरिडियमचा मुलामा दिलेल्या. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटनच्या प्रत्येक दुर्बिणीत ५८. चंद्रा दुर्बिणीचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून, आणि जुलै १९९९ पासून ती काम करतेय.

चंद्रा दुर्बिणीची नजर अर्ध्या विकलेची. अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ म्हणजे विकला. सीताबर्डीच्या किल्ल्यावर उभं राहून कोराडीच्या वाटेवर नऊ-दहा किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तेवढं. यापुढे मोबाइलचं झूम राहू द्या.

पण नजर तीक्ष्ण झाली की स्रोतही वाढतात. जर्मनीच्या ईरोझिटा दुर्बिणीनं, जी २०१९ मध्ये रशियन यानावरून गेली, अर्ध्या आकाशाची पहिली यादी जानेवारी २०२४ मध्ये दिली. सुमारे नऊ लाख स्रोत! त्यात सात लाखांवर दूरच्या दीर्घिकांमधली (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वस्त्यांमधली) महाकाय कृष्णविवरं, एक लाख ऐंशी हजार आपल्याच आकाशगंगेतले तारे, बारा हजार दीर्घिकांचे समूह. (युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये ती बंद ठेवली. याची हळहळ आमच्याकडे अजून आहे.) आता नऊ लाखांची ओळख कोण पटवणार? प्रत्येक स्रोताच्या जागेत काही विकलांची अनिश्चितता असते आणि तेवढ्यात फिक्या ताऱ्यांची, दीर्घिकांची गर्दी असते. मग संगणक प्रत्येक उमेदवाराचा रंग, तेज, अंतर पाहून शक्यता काढतो. हा ८५ टक्के, तो १० टक्के, असं.

अंबाझरीचे_काका | गुरुवार, सकाळी ६.०५

रेवती, लेख सुंदर, पण इथे माझा विरोध नोंदव. शक्यता म्हणजे ओळख नव्हे. ८५ टक्के म्हणजे शंभरातले पंधरा चुकले. भाऊंनी त्या रात्री दोन फिल्म बदलल्या तर त्यांना अजून झोप लागत नाही, आणि तुम्ही लाखोंनी बदलायला निघालात?

रेवती_निरीक्षण | गुरुवार, सकाळी ११.२५

काका, वर्गात असताना तुमच्यासारखे सर मिळायला हवे होते, भांडता आलं असतं. मान्य, ती ओळख नाही, यादी आहे. पण नऊ लाख स्रोतांवर एकेक करून दुर्बीण रोखायला कोणाकडे रात्री आहेत? यादी गर्दीसाठी, आणि जो कोणत्याच साच्यात बसत नाही त्याच्यासाठी तुमची पद्धत. एक रेडिओ, एक क्ष-किरण, एक घड्याळ.

ताजंच उदाहरण. ऑस्ट्रेलियातल्या आस्कॅप रेडिओ दुर्बिणीला दर ४४ मिनिटांनी दोन मिनिटं रेडिओ लहरी सोडणारी एक वस्तू सापडली, सुमारे १५,००० प्रकाशवर्षांवर. योगायोगानं चंद्रा तेव्हा त्याच भागातल्या एका ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष पाहत होती. तिच्या चित्रात ही वस्तू क्ष-किरणांतही मिळाली, आणि तेही ४४ मिनिटांच्याच तालात! काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर क्ष-किरण गायब. जागा कळली, ताल कळला, रेडिओ आणि क्ष-किरण दोन्ही एकाचेच हे कळलं. मे २०२५ मध्ये नेचरमध्ये छापून आलं. तरी ते म्हातारं मॅग्नेटार (प्रचंड चुंबकत्वाचा न्यूट्रॉन तारा) आहे की जोडीदार असलेला श्वेत बटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा विझत चाललेला गाभा), ठरलं नाही. दोन्ही नीट बसत नाहीत.

तर्री_मारके | गुरुवार, दुपारी १.१०

४४ मिनिटं म्हणजे आमच्या बसची वेळ. फरक एवढाच, ते वेळेवर येतं. आपलं काय आहे का यात? की नुसते जर्मन आणि जपानी?

रेवती_निरीक्षण | गुरुवार, दुपारी ४.३०

आहे की. १९७५ च्या आर्यभट्टातसुद्धा क्ष-किरणांचा प्रयोग होता, वीजपुरवठ्याच्या बिघाडानं काही दिवसांतच थांबला. २८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट गेला. त्याची खुबी हीच की तो अतिनील आणि मऊ-कडक क्ष-किरण एकाच वेळी, एकाच स्रोताकडे पाहू शकतो. म्हणजे साक्षीदार बाहेरून बोलवायला नको, घरातच बसलेला. १ जानेवारी २०२४ चा एक्सपोसॅट क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेत डोलतात ते, मोजायला गेला. आणि ॲस्ट्रोसॅटची जुनी निरीक्षणं लोकांसाठी खुली आहेत, दादांच्या लेकीला मोठं झाल्यावर हवी असतील तर.

मनसरचा_दुर्बीणवाला | शुक्रवार, रात्री १२.१५

उशिरा आलो. आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण आहे, घरामागच्या शेतात लावतो. भाऊ, तो तारा स्वतः शोधा, गाइडवर राहू नका. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी सात-साडेसातला हंस पश्चिमेला उतरलेला असतो. अभिजित ओळखता? त्याच्यावर हंसाची चोच-शेपटी सापडते. मानेच्या मधोमध ईटा सिग्नी, नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याच्यापासून पूर्णचंद्राच्या रुंदीएवढंही अंतर नाही, तिथं आपला. नवव्या प्रतीच्या जरा अलीकडे, त्यामुळे चांगल्या अंधारात १०×५० च्या द्विनेत्रीतही लागतो. शहरातून प्रयत्न करू नका, डोकं दुखेल.

स्कॉर्पियस एक्स-१ मात्र उन्हाळ्यात, ज्येष्ठाच्या उत्तरेला मूठभर अंतरावर. त्याला मोठी दुर्बीण आणि नकाशा दोन्ही लागतात. मेमध्ये रात्रीही घाम गाळत तो मी दोनदा शोधला, तिसऱ्यांदा सापडला असं वाटतं.

धंतोलीचा_एक्सरेवाला | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.२०

मंडळी, अमावास्या गाठून मनसरच्या भाऊंच्या शेतात जाऊन आलो. पोरगी होतीच, बायकोही आली, डब्यात झुणका-भाकर.

ईटा सिग्नी मीच लावला. मग आठ इंचीतून हळू सरकवत गेलो. सापडला. पण एक नाही, दोन ठिपके! एकाच्या अगदी जवळ दुसरा, थोडा मंद. पोरगी म्हणे डावा. मी म्हणे उजवा. दुर्बिणीत डावं-उजवं उलटं दिसतं हे भाऊंनी सांगितल्यावर अजून गोंधळ. बावीस वर्षं डावा-उजवा सांभाळण्यात गेली आणि इथं शिशाचं अक्षर नाही!

शेवटी भाऊंनी नकाशा काढला. लाल टॉर्च धरून पंधरा मिनिटं आजूबाजूचे तारे जुळवत बसलो, एकेक त्रिकोण करून. तेजस्वी तो आपला, बाजूचा मंद तो नुसता त्याच दिशेला दिसणारा. पोरगीचा डावा बरोबर निघाला. तिनं वहीत दोन टिंबं काढली, एकावर बाण केला आणि खाली आजची तारीख टाकली.

मे महिन्यात वृश्चिकासाठी पुन्हा जाऊन राह्यलो. तर्रीभाऊ, तुम्ही येत असाल तर सांगा, गाडीत एक जागा आहे.

तर्री_मारके | रविवार, रात्री १०.३१

येतो. पोहे मी आणतो.